मुंग्या

नळ सोडला की हाताला मुंग्या येतात,
असं अण्णा संक्रांतीपासून सांगत होते.
आम्ही त्यांना मिरजेला नेलं.
मिरजेला नेलं म्हणजे पोराचं कर्तव्य संपलं,
सांगलीत एवढं पुरतं.

डॉक्टरांनी तळव्यांना टाचणी टोचली,
गुडघ्यावर रबरी हातोडी मारली,
नसांचा वेग मोजला, शुगर पाहिली,
बी-ट्वेल्व्हची दहा इंजेक्शनं लिहून दिली.
अण्णा म्हणाले, चप्पल घातली की येत नाहीत.
डॉक्टर हसले.
मीही हसलो.

दिवाळीच्या तोंडावर गीझर बंद पडला.
आधी सुदर्शनलाच फोन केला,
मावसभावाचा मुलगा, निम्म्या पैशात येतो.
पूर ओसरल्यावर त्यानंच बोर्ड उघडून गच्चीवर वाळवले,
माझ्या बायकोच्या हेअर ड्रायरनं फुंकले
आणि होते तिथंच बसवले.
पंखा फिरला. आम्ही त्याला चहा दिला.
पण आता तो चाकणला कामाला लागलेला.

म्हणून मगदूम आले. भूपाल मगदूम, सांगलीवाडीचे,
परवानाधारक.
स्कूटरच्या डिकीतून लॅमिनेट केलेला परवाना
मी न मागताच पुढे केला.
फोटोतले केस काळेभोर.
मला ओशाळल्यासारखं झालं.
गणपती पेठेत वांगं घेताना मी देठ दाबून बघतो,
आणि भिंतीत जिवंत तार घालणाऱ्याला आजवर
किती घेणार, एवढंच विचारत आलो.

गीझर राहिला बाजूला.
अण्णा मोरीच्या दारात उभे, ओला हात झटकत.
"काय होतंय, काका?"
"मुंग्या."
"अनवाणी असताना?"

अण्णांनी आधी माझ्याकडे पाहिलं,
मग त्यांच्याकडे.

मगदूमांनी खिशातून टेस्टर काढला
आणि नळाच्या तोटीला टेकवला.
पेटला.
जोंधळ्याच्या दाण्याएवढा, केशरी.
तोटीतून पाणी ठिबकत होतं
आणि कुणीच काही बोलत नव्हतं.

मग मेन स्विच खाली.
एकेक बोर्ड उघडला, आत कृष्णेचा गाळ,
वाळून पापुद्रे सुटलेला.
गीझरची हिरवी तार जमिनीत गेलेलीच नव्हती,
पाण्याच्या पाइपाला गुंडाळून
वर चिकटपट्टी लावलेली, किती नीटनेटकी,
वहीला कव्हर घालावं तशी.
सुदर्शनचं अक्षरही चांगलं होतं शाळेत.

तीन दिवस घरात सिमेंटची धूळ.
मागच्या दारी खड्डा, त्यात कोळसा, खडेमीठ, तांब्याची पट्टी.
भिंतीवर पुराची रेघ अजून दिसते,
मगदूमांनी तिच्या दीड फूट वर खडूनं दुसरी मारली,
बोर्ड आता इथं.
"म्हणजे पाणी तिथवर येणार नाही ना?"
"ते नदीला विचारा," ते म्हणाले,
"मी वायरमन आहे."

बिल सुदर्शनच्या तिप्पट.
खाली सही, परवान्याचा नंबर,
सोबत टेस्ट रिपोर्ट, त्यातले आकडे मला कळले नाहीत.
घासाघीस करायला मी तोंड उघडलं
आणि आतल्या खोलीत अण्णा खोकले.
मी पैसे मोजले.

चार इंजेक्शनं अजून फ्रिजच्या दारात आहेत.
टाकून देऊ म्हटलं तर अण्णा म्हणतात, राहू दे,
दिसली पाहिजेत तुला.

जाताना मगदूम त्यांना एक बटण दाखवून गेले,
नव्या पेटीतलं, पिवळं,
महिन्यातून एकदा दाबायचं, खटका पडतो का बघायचं.
एक तारखेला अण्णा स्टूल ओढतात.
टीव्हीवर कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगणार असतं,
तेवढ्यात खट्ट,
सगळं घर काळोखात.
सूनबाई करवादते, नातू ओरडतो.
अण्णा लगेच वर करत नाहीत.
अनवाणी, अंधारात,
मोरीपर्यंत चालत जातात,
नळ सोडतात.
मी पाण्याचा आवाज ऐकत बसतो.